माळावरचा हिरवा चौकोन

दोन महिने इथे काही लिहिलं नाही म्हणून ठाण्याच्या नणंदबाईंचा फोन आला, "वहिनी, बऱ्या आहात ना?" बरी आहे हो. गुडघा सोडला तर सगळं ठीक. गावी गेले होते. सतरा दिवस राहिले, आणि त्यातले नऊ दिवस माळावर, उन्हात, डोक्याला फडकं बांधून. (डॉक्टरांना हे माहीत नाही. वाचणाऱ्या नातेवाइकांनी कृपया सांगू नये.)

त्याचं असं झालं. माझी नात, थोरल्याची मुलगी, उपग्रहाच्या चित्रांवरून जमिनीचा अभ्यास कसा करायचा ते पुण्यात शिकते. मराठी पुस्तकांत याला 'सुदूर संवेदन' म्हणतात. मी तो शब्द उच्चारला की ती हसते. ती 'रिमोट सेन्सिंग' म्हणते आणि मोकळी होते. शेवटच्या वर्षी एक प्रकल्प करावा लागतो. तिने विषय घेतला, कोरडवाहू भागातली चराऊ जमीन उपग्रहातून कशी पाहायची आणि ती कशी सांभाळायची. "आजी, तुझं गाव घेऊ का गं?"

आमचं गाव माण तालुक्यात, साताऱ्याच्या पूर्वेच्या कोरड्या कोपऱ्यात. वर्षाला जेमतेम पाचशे मिलिमीटर पाऊस, तोही आला तर. माझं सासर तिथलं आणि नोकरीही तिथल्याच शाळेत. १९७५ ते २००९, चौतीस वर्षं. "घे की," मी म्हटलं. कोणी आपलं गाव विचारलं की बरंच वाटतं.

मग एका संध्याकाळी तिने लॅपटॉप माझ्यासमोर ठेवला आणि मला शिकवायला बसली. मी आयुष्यभर शिकवलं, पण शिकायला बसले की मीही वर्गातल्या मागच्या बाकावरच्या पोरांसारखी होते, असं तिचं म्हणणं. तरी जेवढं समजलं तेवढं सांगते.

पान हिरवं दिसतं ते आपल्या डोळ्यांना. पण पान सूर्यप्रकाशातला तांबडा भाग अन्न तयार करायला खाऊन टाकतं, आणि आपल्याला न दिसणारे अवरक्त किरण, त्यातले जवळचे, मोठ्या प्रमाणात परत फेकतं. मोकळी माती असं करत नाही, ती दोन्ही जवळपास सारखेच परत पाठवते. वर फिरणारा उपग्रह हे दोन्ही मोजतो. अवरक्तातून तांबडा वजा करायचा आणि दोघांच्या बेरजेने भागायचं, झालं. उत्तर उणे एक ते अधिक एक यांच्या मध्ये येतं. आकडा मोठा तितकी हिरवळ जास्त. याला एनडीव्हीआय म्हणतात. इतकं सोपं गणित असेल असं मला वाटलं नव्हतं. सातवीच्या पोरांना जमेल.

मला गंमत वाटली ती याच्या जन्माची. अमेरिकेने १९७२ च्या जुलैमध्ये पहिला लँडसॅट उपग्रह सोडला. (आम्ही इकडे बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडणारी माणसं मोजत होतो.) त्याच्या चित्रांचं करायचं काय, म्हणून टेक्सासच्या एका विद्यापीठात राऊज नावाच्या संशोधकाने आणि त्याच्या सोबत्यांनी तिथल्या अफाट गवताळ मैदानांवरची हिरवळ दक्षिणेकडून उत्तरेकडे कशी सरकते ते मोजायला घेतलं. त्या कामातून १९७३-७४ च्या सुमारास हे सूत्र पुढे आलं. म्हणजे आज पिकांचा, जंगलांचा, दुष्काळाचा हिशेब ज्या आकड्यावर चालतो तो मुळात कुरणांसाठी, जनावरांच्या चाऱ्यासाठी काढलेला. हे ऐकून मला उगाचच बरं वाटलं.

आता २०१५ पासून युरोपचे सेंटिनेल नावाचे उपग्रह आहेत. त्यांची चित्रं फुकट मिळतात, दर पाच दिवसांनी एक. त्यांच्या चित्रातला एक बारीक चौकोन, ज्याला पिक्सेल म्हणतात, तो जमिनीवर दहा मीटर बाय दहा मीटर असतो. शंभर चौरस मीटर. मी बोटांवर हिशेब केला आणि ओरडले, "अगं, म्हणजे हा एक गुंठा झाला!" एक गुंठा म्हणजे एकशे एक चौरस मीटर आणि थोडं. युरोपातल्या लोकांनी आकाशात यंत्र सोडलं आणि ते आपल्या तलाठ्याच्या मापाने मोजतंय. नातीला गुंठा माहीत नव्हता. तो धडा मी घेतला.

मग तिने आमच्या गावाचं चित्र उघडलं. मे महिन्यातलं. सगळा माळ तपकिरी, जळक्या भाकरीसारखा. ओढ्याकडेला थोडी रेघ हिरवी, विहिरींच्या आजूबाजूला ठिपके. आणि गावाच्या उत्तरेला, माळाच्या बरोबर मध्यावर, एक नेटका हिरवा चौकोन. फुटपट्टीने आखल्यासारखा.

"आजी, हे काय आहे? बागायत आहे का?"

मला एका क्षणात कळलं. "ती माझी झाडं!" मी म्हटलं. किती अभिमानाने म्हटलं ते आता आठवलं की चेहरा गरम होतो.

१९८५ चा पावसाळा. सामाजिक वनीकरणाचे दिवस होते ते. 'पडीक जमिनीवर झाडे लावा' ही घोषणा भिंतीभिंतीवर होती, आणि ती घोषणा मी स्वतः, माझ्या अक्षरात, शाळेच्या भिंतीवर गेरूने लिहिली होती. एक साहेब जीपमधून आले, गायरानातली चौदा एकर जागा दाखवली, मजुरांनी खड्डे घेतले. आमच्या शाळेच्या वाट्याला अकराशे रोपं आली. सुबाभूळ, निलगिरी, गिरिपुष्प. दोन दिवस वर्ग बंद ठेवून पोरांनी रोपं लावली. भोवती काटेरी तार आली. साताऱ्याच्या एका साप्ताहिकात फोटो छापून आला, त्यात मी कडेला पदर सावरत उभी आहे. तो फोटो अजून ट्रंकेत आहे.

चौदा एकर म्हणजे पाचशे साठ गुंठे. नातीने पिक्सेल मोजले, थोडे इकडेतिकडे पण तेवढेच भरले. चाळीस वर्षांनी माझं काम आकाशातून दिसतंय! तिने त्या चौकोनाचा आकडाही काढला. वर्षभर सभोवतालच्या माळाच्या वरच. "बघ, जमीन सुधारली की नाही?" मी म्हटलं.

ती काही बोलली नाही. ती तशी हुशार आहे, आजीला लगेच खोडून काढत नाही. थोड्या वेळाने म्हणाली, "आजी, माझा प्रकल्प चराऊ जमिनीचा आहे. यात चरतं कोण?"

मी काही सांगू शकले नाही. मला माहीतच नव्हतं. म्हणून गावी गेलो.

गावात माझा एक जुना विद्यार्थी आहे. नाव लिहीत नाही, त्याला आवडायचं नाही. धनगराचा. आता पन्नाशी ओलांडली आहे, दोनशे मेंढ्या आहेत, दख्खनी जातीच्या, काही माडग्याळ. अंगावर घोंगडी, खिशात मोबाइल. मला बघून मेंढरं पोराच्या हवाली करून आला, पाया पडला. त्याला नातीने लॅपटॉप दाखवला. माळावर, बाभळीच्या सावलीत, त्याने डोळे बारीक करून आपला माळ वरून पाहिला. त्याला दोन मिनिटांत सगळं ओळखू आलं. ही पाझर तलावाची भिंत, हा बिरोबाचा माळ, ही आमच्या वाड्याची जागा (मेंढरं रात्री बसतात त्याला ते वाडा म्हणतात). इतकी वर्षं भूगोल शिकवूनही मला नकाशातला उत्तर-दक्षिण शोधायला वेळ लागतो. त्याने लॅपटॉपच फिरवून नीट दिशेला ठेवला.

मग हिरव्या चौकोनावर बोट ठेवलं. "ही तुमची झाडं, बाई."

"हो."

"हिच्यातनं आमची वाट व्हती."

माळावरून पाझर तलावाकडे पाण्यावर जायची मेंढरांची वाट. तार आली आणि ती बंद झाली. मग वळसा घालून डांबरी रस्त्याने जावं लागायचं, दोन-अडीच किलोमीटर जास्त. कळप रस्त्यावरून न्यायचा तर पुढे एक आणि मागे एक माणूस लागतं. पहिल्याच हिवाळ्यात पहाटे ट्रकखाली नऊ मेंढ्या गेल्या. तेव्हापासून त्याच्या बापाने त्याला शाळेतून काढून कळपाच्या मागे लावलं. हे सगळं त्याने अगदी साधेपणाने सांगितलं, पाऊस किती झाला ते सांगावं तसं.

आता माझी बाजू ऐका. त्या वर्षीचा गळतीचा तक्ता मी भरला होता. सातवीतून एक मुलगा कमी. 'कारण' या रकान्यात मी लिहिलं होतं, 'पालकांची अनास्था.' हे मला स्पष्ट आठवतं, कारण धनगरांच्या पोरांपुढे मी दर वर्षी तेच लिहीत असे.

आणखी एक. तो जायच्या आधी सहामाही परीक्षा झाली होती. प्रश्न होता, 'तुमच्या गावातील पडीक जमिनीचा उपयोग कसा करता येईल?' अपेक्षित उत्तर म्हणजे वृक्षारोपण, बंधारे वगैरे पाच मुद्दे. त्याने लिहिलं होतं, 'आमच्या गावात पडीक जमीन नाही. माळ आहे. त्यावर मेंढ्या चरतात.' मी भोपळा दिला, वर लाल शाईने 'प्रश्न नीट वाचावा' असा शेरा मारला, आणि वर्गात ते उत्तर मोठ्याने वाचून दाखवलं. वर्ग हसला. मीही हसले असेन.

त्याला यातलं काहीच आठवत नव्हतं. मी आठवण करून दिली तर म्हणाला, "असंल, बाई. मला गणिताचा मार आठवतोय." गणित मी शिकवत नव्हते. तेवढाच दिलासा.

'पडीक' हा शब्द कुठून आला ते मी नंतर नातीकडून समजून घेतलं. इंग्रजांच्या काळात ज्या जमिनीचा सारा येत नाही ती त्यांच्या लेखी 'वाया गेलेली'. सातबाऱ्यावर आपण पोटखराबा, मुलकी पड असे शब्द अजून वाचतोच. साहेब गेला, शब्द राहिला, आणि पुढे तो उपग्रहाच्या चित्रांवर जाऊन बसला. देशातल्या पडीक जमिनींचा अधिकृत नकाशासंग्रह उपग्रहाच्या चित्रांवरून तयार झाला, पहिला २००० साली. अबी वनक आणि एम. डी. मधुसूदन या अभ्यासकांनी काही वर्षांपूर्वी त्याच प्रकारची चित्रं वापरून देशातल्या कोरड्या भागातल्या माळांचा, गवताळ रानांचा वेगळा नकाशा केला. देशाच्या भूभागाचा सुमारे दहावा हिस्सा असा माळ आहे, त्यातला दोन-तृतीयांशाहून जास्त सरकारी 'पडीक'मध्ये मोडतो, आणि अभयारण्यं वगैरेंच्या संरक्षणात पाच टक्केसुद्धा नाही. चित्रं तीच. बघणाऱ्याने आधी काय ठरवलंय त्यावर नकाशाचं नाव बदलतं. आणि आमच्या माळावर झाडं नाहीत ती कोणी तोडली म्हणून नाहीत असं नव्हे. इतक्या कमी पावसाच्या, मुरमाड जमिनीत गवतच मूळचं. माळढोक, चिंकारा, लांडगा ही सगळी झाडीची नव्हे, माळाची मंडळी. हे मला सत्तरी ओलांडल्यावर कळलं.

असो. विद्यार्थ्याकडे वळते. त्याने नातीला एक प्रश्न विचारला, आणि माझ्या मते तिच्या सगळ्या प्रकल्पाचं सार त्यात होतं.

"ताई, त्या वरच्या यंत्राला कुसाळ दिसतंय का?"

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. कुसळी नावाचं गवत असतं. श्रावणात कोवळं असताना मेंढ्या चवीने खातात. पण एकदा फुलोरा येऊन कुसळं धरली की ती लोकरीत घुसतात, कातड्यात रुततात, तोंडात टोचतात. मग त्यात मेंढी घालायची नाही. शेजारीच मारवेल असतं, पवन्या असतं, ते सोन्यासारखं गवत. वरून तिन्ही हिरवी. आणि तलावाकडेला वेडी बाभूळ माजली आहे, तीही हिरवीच.

नात प्रामाणिक आहे. म्हणाली, "नाही काका, कुसळ दिसत नाही. हिरवं आहे एवढंच दिसतं." मग तिने सांगितलं की वेगवेगळ्या तारखांची चित्रं ओळीने लावली तर थोडं ओळखता येतं, कारण प्रत्येक गवताची हिरवं होण्याची आणि सुकण्याची वेळ वेगळी. पण त्यासाठी कोणीतरी जमिनीवर उभं राहून कुठे काय आहे ते आधी सांगायला हवं.

(मराठी शिकवलेली बाई मी. कुसळ म्हटल्यावर पुढे मुसळ आठवायचं राहतं थोडंच! पण त्या दिवशी म्हण मनातच ठेवली.)

त्याचा दुसरा प्रश्न याहून अवघड होता. दिवाळीनंतर माळ पिवळा पडतो. तुमचा आकडा खाली जातो. पण सुकलेलं गवत हा चाराच आहे, मेंढरं त्याच्यावर महिनोन् महिने काढतात. मग तुमच्या हिशेबात माळ उपाशी आणि माझी मेंढी जेवतेय, हे कसं? नात म्हणाली, अगदी बरोबर, एनडीव्हीआयला वाळलेलं गवत आणि मोकळी माती यांच्यातला फरक नीट कळत नाही. त्यासाठी आणखी लांब लहरींचे अवरक्त किरण बघावे लागतात, त्यात सुक्या काडीची खूण वेगळी उमटते. ऑस्ट्रेलियात याच पद्धतीने प्रत्येक चौकोनात हिरवं किती, वाळलेलं किती आणि उघडी जमीन किती असे तीन भाग पाडतात, आणि तिथले पशुपालक आपापल्या रानाचे कित्येक वर्षांचे आलेख बघून कळप कुठे न्यायचा, कुठली जमीन विश्रांतीला सोडायची ते ठरवतात. यातला उघड्या जमिनीचा आकडा सगळ्यात महत्त्वाचा, कारण हिरवं पावसाबरोबर येतं-जातं, पण पाऊस चांगला होऊनही उघडी जमीन वाढत असेल तर माळ खरोखर बिघडतोय.

तिने आमच्या माळाचा २००० सालापासूनचा आलेख दाखवला तेव्हा त्याने रेघेच्या खाली गेलेल्या जागा बघून वर्षं ओळखली. २००३. २०१२. २०१८. आकडे त्याला वाचून दाखवले नव्हते. २०१२ च्या खाचेवर बोट ठेवून म्हणाला, "हितं साठ मेंढ्या इकल्या."

नातीने मग केनियाची गोष्ट सांगितली. तिथे मार्साबिट नावाचा कोरडा जिल्हा आहे, सगळे पशुपालक. नैरोबीतल्या आंतरराष्ट्रीय पशुधन संशोधन संस्थेच्या पुढाकाराने २०१० च्या जानेवारीत तिथे जनावरांचा असा विमा सुरू झाला, की मेलेलं जनावर दाखवावं लागत नाही. उपग्रहाने मोजलेली हिरवळ ठरलेल्या पातळीखाली गेली की भरपाई. २०११ च्या भीषण दुष्काळात पहिली भरपाई दिली गेली. पुढे तर जनावर मरायची वाट न पाहता, ते जगवायला चारा-पाणी घेता यावं म्हणून आधीच पैसे द्यायची पद्धत आली. अर्थात तिथेही अडचण हीच. आकडा सगळ्या टापूचा, मेंढी एकट्याची. टापू हिरवा आणि आपला कोपरा कोरडा असला की हातात काही नाही.

तो ऐकत होता. शेवटी म्हणाला, "मंजी तिकडं धनगराचं माळरान मोजत्यात. आपल्याकडं झाडं मोजत्यात."

आता ग्रामसभेचं. दोन ऑक्टोबरची सभा होती आणि विषयपत्रिकेवर आमचं उरलेलं गायरान होतं. साधारण नव्वद एकर. सौरऊर्जेच्या पट्ट्या बसवायला जागा द्यायची. माझा सौरऊर्जेला विरोध नाही, आमच्या मळ्यातला पंप रात्री दोनला वीज येते म्हणून पुतण्याला जागवतो, दिवसा वीज मिळाली तर कोणाला नको? पण जागा म्हटली की सगळ्यांचं बोट माळाकडेच का जातं, एवढाच प्रश्न.

म्हणून सभेच्या आधीचा आठवडा आम्ही माळ मोजला. मीटरभर लांबी-रुंदीची प्लॅस्टिकच्या नळीची चौकट. मेंढरं अजून फिरली नव्हती अशा ठिकाणी ती टाकायची, आतलं गवत विळ्याने कापायचं, पिशवीत भरायचं, वाळवायचं, वजन करायचं. वाण्याकडून तराजू आणला. चाळीस ठिकाणची सरासरी निघाली, एका चौकटीला एकशे वीस ग्रॅम वाळलेलं गवत. म्हणजे हेक्टरी बाराशे किलो. निम्मं माळासाठी सोडायचं, बी पडायला, माती धरायला. राहिले सहाशे. मेंढीला दिवसाला किलोभर लागतं असं धरलं तर एकराला दोनशे त्रेचाळीस मेंढी-दिवस. नव्वद एकराला एकवीस हजार आठशे सत्तर. गावात सगळ्यांच्या मिळून सहाशे मेंढ्या. उत्तर, छत्तीस दिवस.

मला ते फार थोडं वाटलं. वर्षातले छत्तीस दिवस! एवढ्यासाठी भांडायचं? तो म्हणाला, "कुठलं छत्तीस ते बघा की, बाई." दिवाळीनंतर ते कृष्णाकाठाकडे जातात, काही जण कोकणात उतरतात, लोकांच्या मोकळ्या रानांत मेंढरं बसवतात, खताच्या बदल्यात धान्य-पैसा घेतात. पाऊस पडला की परत यायचं. तेव्हा सगळ्यांच्या रानात पिकं उभी. पाय ठेवायला एकच जागा, माळ. ते दिवस काढले तर बाकीचं वर्ष आहे. "आनि चरल्यालं गवात पुन्यांदा फुटतंय, ते तुमच्या हिशोबात कुठंय?" नव्हतं. वहीत तशी नोंद केली.

सभेत नातीने चित्रं मोठी छापून लावली होती. एक गृहस्थ उठले आणि मे महिन्याच्या चित्रावर हात ठेवून म्हणाले, "बघा, उपग्रहातसुद्धा पडीकच दिसतंय!" लोक हसले. नात गोंधळली. माझ्या पोटात कालवलं, कारण ते हसू मला ओळखीचं होतं.

मी उठले. चौतीस वर्षं त्या गावाला शिकवल्याचा एक फायदा, उठलं की शांतता होते. मी सप्टेंबरचं चित्र दाखवलं. छत्तीस दिवसांचा हिशेब फळ्यावर मांडला. मग १९८५ चं सांगितलं, वाट, ट्रक, शेरा, तक्ता, सगळं. तो सभेला आला होता, मागे दाराशी उभा होता. मान खाली. त्याला अवघडल्यासारखं झालं असावं. मला मात्र ते तिथेच, त्याच लोकांपुढे सांगायचं होतं, ज्यांच्यातले निम्मे त्या दिवशी वर्गात हसले होते.

ठराव झाला नाही. फेटाळलाही नाही. पुढच्या सभेवर ढकलला. सरपंच म्हणाले, दुसरी जागा बघू. बघतात का ते बघायचं.

निघायच्या आदल्या दिवशी नातीला झाडांच्या चौकोनातली मापं हवी होती. तार कधीच गेली आहे, खांब तेवढे आहेत. आम्ही तिघं आत गेलो. चौकट टाकायचं काम तिचं, बघून गवत सांगायचं काम त्याचं, लिहायचं काम माझं. निलगिरीखाली चौकट पडली की तो म्हणायचा, "काय न्हाय. पाचोळा." मी लिहायची, पाचोळा. पुढची चौकट. पाचोळा. सुबाभळीखाली थोडं तण. असे चौदा आकडे झाले. शेवटच्या ओळीपाशी, जिथे झाडं मेली आहेत आणि ऊन आत येतं, तिथे तो वाकला, मूठभर पाती बोटांवरून ओढून पाहिली आणि म्हणाला, "हितं हाय. लिवा. मारवेल, चार ठोंब. पवन्या, दोन."

मी लिहिलं. तो माझ्या खांद्यावरून वहीत बघत होता. सातवीपर्यंतचं वाचणं त्याने शाबूत ठेवलं आहे.

"पावण्या न्हाय वो बाई, पवन्या. पावणं न्हाय ते, हितलंच हाय."

मी खोडून पुन्हा लिहिलं.